कापलेली दोन मिनिटं

४ डिसेंबर

आले एकदाची. नायगाव, नवा टॉवर, चौदावा मजला, १४०३. हितेंद्रची चाळ होती तीच जागा, फक्त बरीच वर. पाच वर्षं संक्रमण शिबिरात काढल्यावर आज घरात दोन-दोन बाथरूम बघून मला हसूच आलं. चाळीत अख्ख्या मजल्याने रांग लावायची आणि इथे माझ्या एकटीला निवड करायची. पहिला अर्धा तास त्यातच गेला.

सामान थोडंच. दोन कपाटं, भांडी, देव्हारा, कॉम्प्युटर आणि माझे दोन स्पीकर. स्पीकर टेम्पोवाल्याच्या हाती दिले नाहीत, मांडीवर घेऊन टॅक्सीने आणले. दादरच्या एका स्टुडिओत मी बोलक्या पुस्तकांचं संपादन करते. वाचणाऱ्यांचे श्वास, खोकले, आवंढे दिवसभर कापत बसायचं, असं काम. त्यामुळे नवी जागा मी आधी कानाने बघते. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची. रिकामी खोली टाळी परत देते, भरलेली खोली ती गिळून टाकते. १४०३ने तिन्ही खोल्यांतून टाळी खणखणीत परत दिली. पडदे आणि गाद्या घ्यायला हव्यात.

हितेंद्रला जाऊन दोन वर्षं झाली. चव्वेचाळिसावं वर्ष, ऑफिस, जेवणाची सुट्टी, हार्ट अटॅक. घराच्या कागदावर आधी त्याचं नाव होतं, मग माझं चढलं. किल्ली घेताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि रडले नाही. लिफ्टमध्ये रडले.

समोर १४०४ मध्ये रमाबाई आहेत, चाळीतल्याच. आल्या आल्या पोह्यांची ताटली आणली आणि खिडक्यांना पडदे नाहीत म्हणून मला फैलावर घेतलं. बरं वाटलं. चांगलं होईल इथे.

७ डिसेंबर

कमिटीचा वैभव आला होता. वैनी, तुमच्याच लाईनचं काम आहे, म्हणून सोफ्यावर बसला. सोफा म्हणजे दोन खोकी आणि त्यावर चादर.

इथल्या प्रत्येक घराला वास्तूच्या पूजेला गाऱ्हाणं हवंय. मी गिरगावची असले तरी आमचं घर मूळचं घाटावरचं. गाऱ्हाणं म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. घरातला किंवा वाडीतला जाणता माणूस देवासमोर उभा राहून मालवणीत एकेक मागणं मांडतो, लेकरांना सांभाळ, चुकलंमाकलं पदरात घे, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे एका दमात म्हणतात, व्हय म्हाराजा. कोणीच व्हय म्हटलं नाही तर मागणं पुरं होत नाही, असं हितेंद्र सांगायचा.

आमच्याकडचे जाणते म्हणजे कुशाबा. नवव्या मजल्यावर असतात, वय चौऱ्याऐंशी. शहाण्णव घरांत जाऊन गाऱ्हाणं घालण्याइतका दम त्यांच्या छातीत आता नाही. म्हणून वैभवने डोकं चालवलं. पाच वर्षांपूर्वी चाळ रिकामी करायच्या आदल्या दिवशी कुशाबांनी शेवटचं गाऱ्हाणं घातलं होतं. त्यात त्यांनी चाळीत राहून गेलेल्यांनाही बोलावलं होतं. ह्या चाळीत जे ऱ्हवले, जे गेले, ते सगळे येवा, मानाचा घेवा. ते तेव्हा लिओनार्ड अंकलनी रेकॉर्ड केलं होतं. तेच प्रत्येकाने आपापल्या पूजेला फोनवर लावायचं. पण मूळ फाईल कोणाच्या फोनमध्ये मावत नाही. ती मी लहान करून ग्रुपवर टाकायची.

संध्याकाळी भोईवाड्याला लिओनार्ड अंकलकडे गेले. आयुष्यभर माहितीपटांसाठी आवाज टिपत फिरलेला माणूस. हार्डडिस्क त्यांनी रुमालात गुंडाळून दिली. एमपीथ्री कर, बेटा, जमाना उसी का है, पण ओरिजिनलला हात लावू नको आणि एन्ड कापू नको, असं दोनदा बजावलं. सगळं संपल्यावरही मशीन थोडा वेळ चालू ठेवून नुसत्या खोलीचा आवाज घ्यायची त्यांची सवय आहे. मी हो हो म्हटलं. माझ्याच धंद्यातलं मला शिकवत होते.

९ डिसेंबर

अकरा मिनिटांची फाईल, पावणेचारशे एमबी. सकाळी नऊला ऐकायला बसले, उठले तेव्हा दोन वाजले होते. पोट बिघडलंय असं स्टुडिओला कळवलं.

हितेंद्र आहे त्यात.

तो त्या दिवशी तिथे होता हे मला ठाऊक होतं, पण सापडेल असं वाटलं नव्हतं. मी आवाजावर पोट भरणारी बाई, आणि माझ्या नवऱ्याचा आवाज माझ्याकडे एका शब्दाचा नाही. त्याला फोनवर बोलायला आवडायचं नाही. व्हॉइस नोट तर जन्मात पाठवली नाही. दोन वर्षं हे मला आतून खातंय.

रेकॉर्डिंगमध्ये पन्नासेक माणसं व्हय म्हाराजा म्हणतात, आणि अर्धा क्षण मागे त्याचा बारीक, खालच्या पट्टीतला आवाज येतो. प्रत्येक वेळी उशिरा. असाच होता. लग्नाचं मीच विचारलं होतं. तेव्हा हो म्हणायला त्याने शिवाजी पार्कला एक अख्खी फेरी घेतली, आणि मी बाजूने चालत होते.

नवव्या मिनिटाला गाऱ्हाणं संपतं. लोक प्रसादाला उठतात, खुर्च्या सरकतात, ताटल्या वाजतात. कुशाबा मात्र दोनेक मिनिटं स्वतःशीच काहीतरी पुटपुटत राहतात. शब्द लागत नाहीत. आणि अगदी शेवटी, सगळे गेल्यावर, एकटा आवाज. स्वच्छ. त्याच्यावर दुसऱ्या कोणाचाही आवाज नाही. व्हय म्हाराजा.

चाळीस वेळा तरी ऐकलं असेन. पुढच्या खोलीतच उभा आहे असं वाटतं.

११ डिसेंबर

फाईल केली. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना वाटतं, मोठी फाईल दाबली की लहान होते. दाबत काही नाहीत, टाकून देतात. कानाला जे ऐकूच जाणार नाही असं मशीनला वाटतं, ते मशीन काढून टाकतं. मोठ्या आवाजाच्या पाठीला बारीक आवाज असेल तर बारीक जातो. एमपीथ्री लावली. पन्नास माणसं जशीच्या तशी होती आणि त्यांच्यामागे हितेंद्र नव्हता. मशीनने त्याला काढून टाकलं होतं. मी रागाने रडले. मशीनवर कोणी रडतं का.

राहिलं शेवटचं व्हय म्हाराजा. ते एकटंच होतं, ते वाचलं असतं. ते मी कापलं.

वहीत तरी खरं लिहिते. वैभवला सांगितलं, शेवटी नुसत्या खुर्च्या-ताटल्या आहेत, फाईल उगाच जड होते. दोन मिनिटांचे दोन एमबी, कसली जड. मला ते द्यायचं नव्हतं. शहाण्णव घरांत पुऱ्या तळता तळता लोक ते ऐकणार, कोणीतरी स्टेटसला टाकणार. ते दोन शब्द माझे आहेत. शेवटचा तुकडा वेगळा काढून कॉम्प्युटरवर ठेवला आणि नाव दिलं, हितू.

वैभव भारी वैनी म्हणाला आणि नऊ मिनिटांचं गाऱ्हाणं माझ्यासमोर ग्रुपवर गेलं.

१४ डिसेंबर

माझी पूजा आज झाली. पूजा म्हणजे काय, दूध उतू घालवलं, कलश मांडला आणि स्पीकरला फोन जोडून गाऱ्हाणं लावलं. भटजी नाही, गर्दी नाही. मी आणि रमाबाई. सकाळचे अकरा, घरभर ऊन.

कुशाबांनी येवा म्हटलं. आम्ही दोघींनी व्हय म्हाराजा म्हटलं. आणि आमच्या मागे, अर्धा क्षण उशिरा, तिसऱ्याने म्हटलं.

रमाबाईंनी मागे वळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पडदे नाहीत ना, घुमतंय. त्या प्रसाद न घेता गेल्या. रमाबाई शिरा सोडून जातात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

१६ डिसेंबर

पडदे अजून आले नाहीत. गाद्याही नाहीत. आज दुपारी हॉलच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवली.

परत आली नाही.

स्वयंपाकघरात वाजवली. आली. हॉलमध्ये पुन्हा वाजवली. थप्प. भर लग्नाच्या हॉलमध्ये वाजवावी तशी जागच्या जागी विरली. हॉलमध्ये कॉम्प्युटर, दोन खोकी आणि मी, एवढंच होतं. चार तारखेला याच खोलीने टाळी परत दिली होती.

मी भ्यायले. खोटं कशाला लिहू. पण भीतीच्याही आधी तोंडातून गेलं ते, हितू, तू आहेस का.

थोडा वेळ काही नाही. मग खिडकीपाशी, ऊन पडलं होतं तिथून, खालच्या पट्टीत. व्हय म्हाराजा.

१८ डिसेंबर

दोन दिवस कामावर गेले नाही. दोन वर्षांत इतकी सुखात नव्हते.

दिसत काहीच नाही. फक्त आवाज. आणि आवाज तेवढाच, ते दोन शब्द. पण माझ्या बोलण्यावर येतो, आणि उशिरा येतो, म्हणजे तोच. चहा टाकू का विचारलं. व्हय म्हाराजा. दोन कप टाकले. रंग कुठला लावायचा, पांढराच ना. व्हय म्हाराजा. तू असताना कधी एवढ्या पटकन ऐकलं नाहीस, म्हणून मी त्याला चिडवलं, तर त्यालाही व्हय म्हाराजा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

त्याचा चहा गार झाला, मी प्यायले.

२१ डिसेंबर

बाकीच्या घरांतही आलेत. मला हे आधीच कळायला हवं होतं.

रमाबाईंना दिवसभर पोळपाटाजवळ सासूच्या बांगड्या ऐकू येतात. सासू जाऊन तीस वर्षं झाली, चाळीतल्या खोलीतच गेली. आता तिला मोरी सापडत नाही, सगळ्या भिंती चाचपत फिरते, असं रमाबाईंनी सांगितलं. सहाव्या मजल्यावरचं लहान बाळ भिंतीकडे बघून रडतं.

कुशाबांनी मला बोलावून घेतलं. खाटेवर होते. त्यांचा आवाज पार बसलाय, कानाजवळ तोंड आणून बोलावं लागतं. बाय, शेवट खंय, असं त्यांनी विचारलं. मग थांबत थांबत सांगितलं ते असं. गाऱ्हाण्यात ज्यांना बोलावतात त्यांना शेवटी परतही पाठवतात. पाहुण्याला मोठ्याने जा म्हणत नाहीत, म्हणून ते हळू म्हणायचं. इलास तसे जावा, आपापल्या जाग्यार बसा, मागे वळान बघू नकात. त्यावर एकाने तरी व्हय म्हणायला हवं. येवा म्हटलंय तर जावा म्हणूक नको काय, असं मला विचारत होते. ज्याने बोलावलं त्याच्याच मानेवर ते बसतात. सगळे त्यांच्या खाटेभोवती उभे आहेत आणि खंय बसू विचारतात.

जाग्यार म्हणजे कुठे. त्यांची जागा पाडून तर आम्ही इथे वर आलो.

त्यांनी माझा हात धरून विचारलं, शेवटचा भाग तुझ्याकडे आहे ना. मी म्हटलं, रेकॉर्डिंग तिथेच संपतं. मी पाया पडून निघाले.

तो परत पाठवायचा मंत्र आहे. तो लावला की हितेंद्र जाईल. पहिल्या वेळी मी त्याला जाताना पाहिलंही नव्हतं. ऑफिसातून फोन आला होता. आता स्वतःच्या हाताने कशी पाठवू.

२३ डिसेंबर

आवाज बिघडतोय.

आधी वाटलं माझा कान. पण कान माझा धंदा आहे. लहान केलेली फाईल पुन्हा लहान केली की आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी झाक येते. तशी झाक त्याच्या बोलण्याला आली आहे. वैभवला विचारलं तर तो खुशीत म्हणाला, वैनी, एकदम व्हायरल. लोकांनी तुकडे पाडले, स्टेटसला ठेवले, एका फोनवर वाजवून दुसऱ्यावर रेकॉर्ड केले, गावाला पाठवले, गावाहून परत आले. दर वेळी मशीन थोडं थोडं टाकून देतं. आणि इथे दर दिवशी हितेंद्र थोडा थोडा कमी होतो.

आज म्हाराजातला ह नव्हता.

आणि मी नको ते विचारलं. माझ्यावर रागावलायस का. व्हय म्हाराजा. तू गेलास त्या दिवशी सकाळी डब्यावरून भांडले म्हणून. व्हय म्हाराजा. खूप दुखलं का रे. खूप वेळ थांबला. मग तेच, तसंच, चहाला म्हणाला होता त्याच सुरात.

त्याच्याकडे दुसरे शब्दच नाहीत. हे मला माहीत आहे. माहीत असून मी विचारत राहिले.

२५ डिसेंबर

लिओनार्ड अंकलना मेरी ख्रिसमस करायला गेले. खरं तर एक विचारायला. शेवटी मशीन का चालू ठेवलं होतं.

म्हणाले, खोलीचा आवाज तर होताच. पण कुशाबांनीही सांगितलं होतं की मी थांबल्याशिवाय तू थांबू नको. सगळे शिऱ्यावर तुटून पडले होते. म्हातारा इकडे तिकडे बघत होता, व्हय म्हणायला माणूसच नव्हता. तेव्हा तेरा हजबंड ताटली खाली ठेवून परत आला आणि बोलला. अच्छा लडका था, म्हणाले.

म्हणजे त्या दिवशी सगळ्यांना परत पाठवलं ते हितेंद्रने. म्हणून तो आवाज एकटा होता. आणि मी तोच कापून घरी ठेवला.

अंकलनी केक बांधून दिला. बसस्टॉपवर उभी राहून मी तो पुडा तसाच हातात धरून रडले.

२७ डिसेंबर

हितू नावाची फाईल उघडली. त्याचा खरा आवाज ऐकायचा होता, बिघडायच्या आधीचा.

खुर्च्या. ताटल्या. कुशाबांचं पुटपुटणं, आता शब्द कळतात. इलास तसे जावा. मग खोलीचा आवाज. सात सेकंद. मग संपलं.

त्याचं व्हय म्हाराजा नाही.

हार्डडिस्कवरची मूळ फाईल लावली. तिथेही नाही. कापल्याची खूण नाही, मी खूण ओळखते. तिथे नुसती खोली आहे, जणू त्या दिवशी कोणी ताटली ठेवून परत आलंच नाही.

मी वळून बघितलं नाही. माझ्या खुर्चीच्या मागून आवाज आला. मी काहीच विचारलं नव्हतं.

२८ डिसेंबर

आता विचारल्याशिवायही म्हणतो. बाथरूममध्ये. कपाटात. सकाळपासून. कोणाला म्हणतोय? कोण विचारतंय त्याला?

व्हय राहिलंय फक्त. पुढचं गेलं.

२९ डिसेंबर

कुशाबांना ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, वय. रमाबाई लालबागला बहिणीकडे निघून गेल्या, जाताना मला म्हणाल्या, तुझ्याकडे शेवट असेल तर लाव गो. त्यांना कसं कळलं माहीत नाही. किंवा सगळ्यांनाच कळलंय.

टाळी आता कुठल्याच खोलीत परत येत नाही. एकटा हितेंद्र एवढा नाही. त्याच्याबरोबर कोण कोण आलंय —

३० डिसेंबर

विचारलं. तुला जायचंय का.

व्हय.

मग विचारलं. तुला इथे राहायचंय का, माझ्याजवळ.

व्हय.

तोच सूर. तेवढाच उशीर.

त्याच्यावर सोडता येणार नाही. कधीच काही त्याच्यावर सोडता आलं नाही, सगळं मीच ठरवायचं, घर, लग्न, पडदे — हेही मीच.

३१ डिसेंबर

नवव्या मजल्यावर गेले. कुशाबांना सगळं सांगितलं. कापलं, लपवलं, खोटं बोलले. ते रागावले नाहीत. रागवायला श्वास नाही. ओठ हलले, मी कान नेला.

व्हय म्हणूक माणूस व्हयो.

मी म्हटलं, व्हय म्हणणारा माणूस फाईलमध्ये होता, आता नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

नको. मी नाही. दुसरं कोणी —

घरी आले तर तो दारातच. आता शब्द नाही, नुसता सूर. पाण्याखालचा. उद्या तोही —

१ जानेवारी, सकाळी साडेदहा

वैभवला सगळी फाईल दिली. अकरा मिनिटं. या वेळी दाबली नाही. गणपतीचे मोठे स्पीकर गच्चीवर लावलेत. सगळे दरवाजे उघडायला सांगितलेत. माझाही उघडा आहे. ऊन आहे. वही मांडीवर.

सुरू झालं. लोक मागोमाग म्हणताहेत, सगळ्या मजल्यांवरून. माझ्या शेजारी तो सूर, दर वेळी मागे. ऐकते आहे. कान भरून ऐकते आहे.

नऊ मिनिटं झाली. दरवाजे लागू लागलेत. त्यांना वाटतंय संपलं. त्यांनी नऊ मिनिटांचंच ऐकलंय. कोणाला माहीत नाही पुढे —

खुर्च्या. ताटल्या.

इलास तसे जावा.

शेजारचा सूर शांत झालाय. पहिल्यांदाच. ऐकतोय.

आपापल्या जाग्यार बसा.

तू म्हण ना रे. तुझंच आहे हे. मी थांबते, कर तुला हवा तेवढा उशीर, फेरी घे, मी बाजूने —

मागे वळान बघू नकात.

खोलीचा आवाज. सात सेकंद. सगळ्या मजल्यांवर कोणी बोलत नाही. तो बोलत नाही. बांगड्या थांबल्यात. सगळे माझ्याकडे —

डब्याचं विसर. मी चिडले होते, तेवढंच. हितू, मी म्हणते आहे. मोठ्याने म्हणते आहे.

व्हय म्हा